आपण दोघं, आम्ही दोघं, आपण सगळे, आम्ही सगळे : संथाळी सर्वनामांतलं वचन पायरी पायरीनं

झारखंडला, ओडिशाच्या मयूरभंजला किंवा बंगालच्या पुरुलिया-बांकुडा साइडला पोस्टिंग झालेली मराठी मंडळी बरीच असतात, कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, कुणी एखाद्या संस्थेच्या कामावर. तिथे संथाळी कानावर पडते आणि चार शब्द शिकावेसे वाटतात. जोहार म्हणजे नमस्कार, दाका म्हणजे भात, दाक् म्हणजे पाणी, इथपर्यंत गाडी मस्त चालते. मग 'आम्ही' कसं म्हणायचं असं विचारलं की समोरचा एकदा एक सांगतो, दुसऱ्यांदा दुसरंच सांगतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं की याला आपला प्रश्नच कळला नाही. प्रॉब्लेम त्याचा नसतो, प्रश्नच अर्धवट असतो.

२०११ च्या जनगणनेत ७३ लाखांहून जास्त लोकांनी मातृभाषा म्हणून संथाळी सांगितली होती. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती बोडो, डोगरी, मैथिलीसोबत आठव्या अनुसूचीत आली आणि १९२५ मध्ये पंडित रघुनाथ मुर्मूंनी बनवलेली ओल चिकी ही तिची स्वतःची लिपी आहे. पण देवनागरी, बांगला, रोमन असं सगळ्यातच ती लिहिली जाते, त्यामुळे खाली देवनागरी वापरतोय. कुळ ऑस्ट्रो-आशियाई, मुंडा शाखा. म्हणजे आपल्या मराठीशी रक्ताचं नातं काहीच नाही, तरी सर्वनामांच्या बाबतीत हिंदीवाल्यापेक्षा मराठीवाला इथे बराच पुढे असतो. कसं ते बघू.

पायरी १ : आधी आपलं 'आपण' साफ करून घ्या

"आम्ही पिक्चरला चाललोय" आणि "आपण पिक्चरला चाललोय" यातला फरक मराठी पोराला तीन-चार वर्षांचा असतानाच कळतो. पहिल्यात तू घरी बस, दुसऱ्यात तू पण चल. हिंदीतलं 'हम' किंवा 'हमलोग' हा फरक करतच नाही. संथाळी करते, आणि एकदम कडकपणे करते. म्हणजे निम्मा अभ्यास तुमचा झालेलाच आहे.

फक्त मराठीत 'आपण' हा फार फिरस्ता शब्द आहे, तीन-चार कामं एकटाच करतो. "आपण कुठून आलात?" यातला आपण म्हणजे आदरार्थी तुम्ही. "आपण नाय घाबरत कुणाला" म्हणणारा मुंबईकर एकट्या स्वतःबद्दल बोलतोय. "आपण प्रामाणिक असलं की झोप लागते" यातला आपण म्हणजे कुणीही माणूस. हे तिन्ही बाजूला काढा. संथाळी शिकताना फक्त एकच आपण लागतो, मी आणि तू मिळून होणारा. हे आधीच केलं नाही तर पुढे डोक्यात नुसता काला होतो.

पायरी २ : दोघांसाठी वेगळा खण

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर द्विवचन आठवत असेल, रामः रामौ रामाः, अहम् आवाम् वयम्. प्राकृतात ते गळून पडलं आणि मराठीला मिळालंच नाही. आपण 'दोघं' हा शब्द वरून जोडतो, तोही वाटलं तर. दोनच जण असले तरी "आम्ही येतो" चालतं.

संथाळीत ते 'वाटलं तर' नाहीये. दोन माणसं असतील तर दोघांचंच रूप येणार, तीन झाली की अनेकवचन. आता गंमत अशी की संस्कृतच्या आवाम् मध्ये 'तू धरून की तू सोडून' हे कळत नाही, आणि मराठीच्या आपण-आम्ही मध्ये 'दोघं की जास्त' हे कळत नाही. संथाळीत दोन्ही प्रश्न एकदमच विचारले जातात. म्हणून तोंड उघडण्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या: माणसं किती, आणि समोरचा त्यात आहे का.

पायरी ३ : सगळी रूपं एकदा मोठ्याने म्हणा

मी म्हणजे इञ.

मी आणि तू, आपण दोघं, आलाङ. मी आणि अजून एक जण, तू नाही, म्हणजे आम्ही दोघं, आलिञ. आपण सगळे, तुला धरून, आबो किंवा आबोन, दोन्ही ऐकू येतात. आम्ही सगळे, तुला सोडून, आले.

तू म्हणजे आम, तुम्ही दोघं आबेन, तुम्ही सगळे आपे.

तो किंवा ती उनी, ते दोघं उनकिन, ते सगळे ओनको, काही ठिकाणी उनकु. तो आणि ती वेगळं नाही, त्यामुळे लिंगाचं मराठीतलं जे डोकंदुखी प्रकरण आहे ते इथे सुटलं.

मोजली तर ११ होतात. पाठ करायला अर्धा तास लागेल, पण नीट ऐकू यायला जास्त. कारण आलाङ च्या शेवटी ङ आहे आणि आलिञ च्या शेवटी ञ. आपण मराठी लोक हे दोन्ही वर्ण बाराखडीच्या तक्त्यावर सोडून दिलेत, वाङ्मय हा शब्द लिहिताना तेवढी ङ ची आठवण येते. ङ घशाजवळ, 'अंक' म्हणताना क च्या आधी जो आवाज येतो तो. ञ टाळूला जीभ टेकवून, 'पंच' मधला च च्या आधीचा. नंतरचा क किंवा च न म्हणता मध्येच थांबून बघा, जमतं.

अजून एक जोडी घोटाळ्याची आहे, आबो आणि आबेन. दोन्हीत ब आहे म्हणून नवखा माणूस त्यांना एकाच घरात टाकतो. आबो मध्ये मी आहे, आबेन मध्ये मी नाहीच. आणि आकडे शिकायला लागलात की अजून एक मजा आहे, मित्, बार, पे, पोन म्हणजे एक, दोन, तीन, चार. म्हणजे बार दोन आहे, बारा नाही, आणि 'पे' हा आकडा तीन पण आहे आणि पुढे येणारी 'तुम्ही सगळे'ची शेपटी पण. वाक्यात जागा वेगळी असते म्हणून अडत नाही, पण पहिल्यांदा दचकायला होतं.

पायरी ४ : चारही 'आम्ही' एका प्रसंगात बसवा

तक्ता पाठ करून हे येत नाही, माणसं डोळ्यासमोर उभी करावी लागतात. समजा तुम्ही, तुमची बायको, आणि शेजारचं जोडपं असे चौघे हाटात जायला निघालाय.

शेजारणीला तुम्ही सांगताय की मी आणि माझी बायको जातोय, तर आलिञ. तेच बायकोकडे वळून, चल आपण जाऊ, तर आलाङ. माणसं तीच दोन, फक्त तोंड कुणाकडे वळवलं ते बदललं आणि शब्द बदलला! चौघे मिळून जायचं असं त्या चौघांतच ठरतंय तर आबो. आणि चौघे निघालेले असताना वाटेत पाचवा कुणी भेटला आणि त्याला सांगायचंय की आम्ही चाललो, तू येत नाहीयेस, तर आले.

हे घरच्या घरी मराठीतच खेळून बघा. दिवसभरात जिथे जिथे आम्ही किंवा आपण म्हणाल तिथे मनात लेबल लावा, दोघं का जास्त. फोनवर मित्राला "आम्ही काल वडापाव खाल्ला" म्हणताना कोण कोण होतं ते आठवावं लागेल. हीच सवय लागायला हवी, शब्द नंतर आपोआप येतात.

झारखंडमध्ये याचं एक उदाहरण तर भिंतीभिंतीवर दिसतं. बिरसा मुंडांच्या उलगुलानशी, म्हणजे १८९९-१९०० च्या उठावाशी, जोडली गेलेली घोषणा 'अबुआ दिसुम, अबुआ राज', आपला देश आपलं राज्य. ही मुंडारी आहे, संथाळीची सख्खी बहीण. मुंडारीत आबु म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आपण सगळे, तेच संथाळीतलं आबो. तुला सोडून म्हणायचं तर तिथेही आले आहे. म्हणजे घोषणेत मंडळींना सांगितलंय की हा मुलुख तुझा-माझा सगळ्यांचा आहे. हिंदीत त्याचं 'हमारा देश' झालं की ही गोष्ट गळून पडते, मराठीत 'आपला देश' म्हटलं की टिकते. झारखंड सरकारने २०२३ मध्ये घरकुलाची योजना आणली तिचं नावही अबुआ आवास, तिथेही तोच आबु. योजनेच्या नावात आले टाकलं असतं तर अर्थ झाला असता, घरं आमची, तुम्ही बघत बसा. नाव ठेवणाऱ्याला भाषा येत होती हे बरं झालं.

पायरी ५ : आता शेपट्या

इथे खरी संथाळी चालू होते. वर दिलेली पूर्ण सर्वनामं रोजच्या बोलण्यात दरवेळी येतातच असं नाही, जोर द्यायचा असेल तेव्हा येतात. पण त्यांची छोटी रूपं वाक्यात असावीच लागतात. इञ चं ञ, आलाङ चं लाङ, आलिञ चं लिञ, आबोन चं बोन, आले चं ले, आम चं म किंवा एम, आबेन चं बेन, आपे चं पे, तो-ती साठी ए, ते दोघं साठी किन, ते सगळे साठी को. बघा, बहुतेक ठिकाणी पुढचा आ उडवला की शेपटी तयार.

ही शेपटी क्रियापदाच्या आधी जो शब्द असेल त्याला चिकटते. मराठीत "जातोस, जाता" असं क्रियापद बदलतं, इथे तसं नाही, आधीच्या शब्दाच्या मागे डबा जोडतात. कुठे चाललायस, ओकातेम चालाक् काना? ओकाते म्हणजे कुठे, त्याला आम चं म. दोघांना विचारायचं तर ओकातेबेन चालाक् काना, तिघा-चौघांना ओकातेपे चालाक् काना. गावात रस्त्यावर भेटणारा हाच प्रश्न असतो, त्यामुळे सरावाला एकदम बेस्ट.

उत्तर, हाटात चाललोय, एकटा असाल तर हाटतेञ चालाक् काना. दोघं असाल आणि विचारणारा तिसरा तर हाटतेलिञ, घोळका असेल तर हाटतेले. इथे चुकून हाटतेबोन म्हणालात तर त्याला वाटेल की मलाही धरलंय, आणि तो कदाचित चालायलाही लागेल. आधी शब्दच नसेल, नुसतं क्रियापद असेल तर शेपटी त्याच्याच शेवटी जाते, चालाक् कानाञ, चाललोय मी.

भात खाईन, दाकाञ जोमा. आम्ही भात खाऊ, दाकाले जोमा. आपण सगळे भात खाऊ, दाकाबोन जोमा. तो किंवा ती खाईल, दाकाए जोमा. जोमा हलतच नाही, सगळा खेळ दाका च्या मागे.

नकार पण तसाच, आणि माझ्या मते सरावासाठी नकाराइतकं सोपं काहीच नाही कारण एकच अक्षर आहे, बा. मी जाणार नाही, बाञ चालाक्-आ. तू, बाम. आपण दोघं नाही, बालाङ. आम्ही दोघं नाही, बालिञ. आपण सगळे, बाबोन. आम्ही, बाले. तुम्ही सगळे, बापे. ते, बाको. रोज चहा होईपर्यंत एकदा म्हटलं तरी आठवड्यात बसतं. नुसतं 'नाही' म्हणायचं तर बाङ, ङ वालं, आणि 'मी नाही' म्हणायचं तर बाञ, ञ वालं. मघाशी नाकातल्या आवाजांवर एवढं का लिहिलं ते इथे कळेल.

पायरी ६ : या, बसा, जेवा

आज्ञार्थ सगळ्यात पटकन येतो. ये, हिजुक् मे. तुम्ही दोघं या, हिजुक् बेन. तुम्ही सगळे या, हिजुक् पे. बस, दुडुप् मे, दुडुप् बेन, दुडुप् पे. जेव, जोम मे, जोम बेन, जोम पे. शेवटचा क् किंवा प् पूर्ण सोडायचा नाही, श्वास तिथेच अडवायचा.

चला म्हणायचं असेल तर देला. आपण सगळे जाऊ चला, देलाबोन चालाक्-आ. दोघंच असाल तर बोन च्या जागी लाङ. इथे ले किंवा लिञ येणारच नाही कारण ज्याला चल म्हणतोय तो त्यात असणारच.

पायरी ७ : ज्याला बघितलं त्याचंही वचन

हा भाग घाईत असाल तर नंतर वाचा, पण संथाळीचा खरा नखरा इथेच आहे. कर्ता तर दाखवायचाच, पण कर्म सजीव असेल तर तेही क्रियापदाच्या पोटात जातं. मी त्याला बघितलं, ञेलकेदेआञ. मी त्या दोघांना बघितलं, ञेलकेत्किनाञ. मी त्या सगळ्यांना बघितलं, ञेलकेत्कोआञ. शेवटचा ञ म्हणजे मी, आणि पोटात ए, किन, को. एका शब्दात कोणी बघितलं आणि किती जणांना, दोन्ही. आणि निर्जीव वस्तू बघितली असेल, घर वगैरे, तर पोटात काहीच नाही, ञेलकेदाञ.

सजीव-निर्जीवची वाटणी मात्र आपल्यासारखी नाही. सूर्य, चंद्र, तारे हे संथाळीत सजीवांच्या बाजूला बसतात. त्यामुळे दोन तारे दिसले तर त्यांनाही किन. नामांना पण हेच लागतं, होड म्हणजे माणूस, होडकिन दोन माणसं, होडको पुष्कळ माणसं. १८५५ च्या हूल चे, म्हणजे संथाळांच्या उठावाचे, सिदो आणि कान्हू, दोघं भाऊ, त्यांच्याबद्दल बोलताना पुढच्या वाक्यात उनकिन येणार, ओनको नाही.

मालकीचंही जाता जाता. माझं घर, इञाक् ओडाक्. आमचं घर असं मागूनही लावता येतं, ओडाक् ताले, आणि आपलं गाव, आतो ताबोन. ले आणि बोन तेच जुने.

पायरी ८ : आदर वचनात शोधू नका

मराठी माणसाचा हमखास घोळ. समोर म्हातारे गृहस्थ आले की आपली जीभ आपोआप 'तुम्ही' कडे जाते, म्हणजे एकाच माणसाला अनेकवचन, आणि मग तोंडातून आपे निघतं. संथाळीत एकाला आपे म्हटलं की तो मागे वळून बघेल की अजून कोण आलंय. वडीलधाऱ्या माणसालाही आम च, त्यात उद्धटपणा नाही. आपणही आईला आणि बऱ्याच घरांत आजीला तू च म्हणतो की, तिथे आदर कमी असतो का? आदर जोहार करण्यात, नात्याच्या शब्दात आणि बोलण्याच्या पद्धतीत असतो.

पण एक जागा अशी आहे की तिथे वचन खरंच नात्यासाठी वाकतं. जुन्या व्याकरणांत नोंदलेली रीत अशी की सासू-सासरे आणि जावई किंवा सून एकमेकांशी बोलताना द्विवचन वापरतात. सासरा एकटाच समोर बसलाय तरी त्याला आबेन, तुम्ही दोघं. आणि दोन्हीकडचे व्याही, ज्यांना संथाळीत बाला म्हणतात, ते एकमेकांना अनेकवचनात बोलतात. म्हणजे लग्नाने जोडलेल्या नात्यांपुरताच हा मान. अहो-जाहो सगळीकडे उधळणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा कंजूष वाटेल, मला तर फार नेमकं वाटतं. बाहेरच्या माणसाने मात्र हे स्वतःहून वापरायच्या भानगडीत पडू नये, त्या घरचे जावई झालात तर गोष्ट वेगळी.

पायरी ९ : विचारायचं कसं

शिकवणारा बहुतेक वेळा तुमच्याशी हिंदीत किंवा बांगलात बोलणार. "हमलोग जाएँगे को क्या बोलते हैं" असं विचारलं की त्याला चारांपैकी कुठलंही एक उचलावं लागतं, आणि तो त्या क्षणी जे चित्र डोक्यात आलं ते सांगतो. गूगल ट्रान्सलेटमध्ये २०२४ पासून संथाळी आहे, पण तिथेही नुसतं 'वी' किंवा 'हम' टाकलं तर मशीनला तरी कसं कळणार समोर कोण बसलंय. म्हणून वाक्य विचारू नका, प्रसंग विचारा. "मी आणि हा माझा मित्र जातोय, तुम्ही इथेच थांबणार, तर मी तुम्हाला काय म्हणू?" असं. बोटाने दाखवत विचारलंत तर अजून चांगलं. आणि उत्तर लिहिताना बाजूला किती जण आणि ऐकणारा आत की बाहेर एवढं टिपून ठेवा, नुसतं 'आम्ही = आले' लिहिलेली वही दोन महिन्यांनी काही कामाची राहत नाही.

उलटतपासणी पण करा. त्याने आलिञ सांगितलं तर विचारा, अजून एक जण आला तर? आले म्हणायला हवा. मग, तुम्ही पण आलात तर? आबो. दोन प्रश्नांत खात्री होते.

इतकं दूर जायचं नसेल तर हाच सगळा प्रकार महाराष्ट्रातच ऐकायला मिळतो. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, कोरकू बोलतात, ती मुंडा कुळातली सगळ्यात पश्चिमेची भाषा, बाकीच्या बहिणी झारखंड-ओडिशाकडे आणि ही एकटी सातपुड्यात. तिथेही तू म्हणजे आम, आपण दोघं आलाङ, तुला सोडून आम्ही आले, आणि तुला धरून आपण सगळे आबुङ. कोरो म्हणजे माणूस आणि कू हा अनेकवचनाचा प्रत्यय, त्यावरूनच कोरकू. अमरावती जिल्ह्यात शिक्षक किंवा आरोग्यसेवक म्हणून काम करणाऱ्यांनी वरच्या पायऱ्या १, २, ४ आणि ९ जशाच्या तशा वापराव्यात, फक्त शब्द तिथल्या माणसांकडून भरून घ्यावेत, कारण शेपट्या आणि आवाज संथाळीसारखे तंतोतंत नाहीत. आंगणवाडीत "आपण हात धुऊ" म्हणताना आबुङ च हवं, आले म्हणालात तर पोरं बसून राहतील आणि बाईंचे हात धुतलेले बघतील.